पिकत गेलेले आयुष्य : संत पोप तेविसावे जॉन



पहिल्या शुक्रवारी आम्ही काही सेवक आजारी आणि वयस्कर माणसांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जातो. मागे एका घरी ओटीवर आरामखुर्चीत बसलेल्या एका काकांनी प्रार्थना संपल्यावर मला हसत हसत एक प्रश्न विचारला. मुले मार्गी लागली, घर बांधून झाले, पेन्शन चालू आहे, तर आता आयुष्यात ठरवण्यासारखे असे काय उरले? आता फक्त वरच्या बोलावण्याची वाट बघायची, एवढेच ना? ते हसत होते खरे, पण त्या हसण्यात एक खंत होती. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. चहा घेऊन मी निघालो.

वाटेत मला संत पोप तेविसावे जॉन यांची आठवण झाली. ११ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा त्यांचा सण साजरा करते. आपल्याकडे त्यांचे नाव निघाले की दुसरी व्हॅटिकन परिषद आठवते, मराठीतली मिस्सा आठवते आणि त्यांचा गोल हसरा चेहरा आठवतो. पण तो चेहरा जन्मतःच तसा नव्हता. त्यामागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांची मशागत होती. त्या काकांसाठी आणि त्यांच्यासारख्या आपल्या धर्मग्रामातील सर्वांसाठी ती हकिकत इथे सांगावीशी वाटते.

उत्तर इटलीत बेर्गामो शहराजवळ सोत्तो इल मोन्ते नावाचे खेडे आहे. तिथे २५ नोव्हेंबर १८८१ रोजी ज्योव्हान्नी बात्तिस्ता आणि मारियान्ना रोन्काल्ली यांच्या पोटी आंजेलो जन्मला. त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा बाप्तिस्मा झाला. रोन्काल्ली कुटुंब अर्धेलीने शेती करणारे होते. जमीन दुसऱ्याची, घाम आपला आणि पिकाचा अर्धा वाटा जमीनदाराचा. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कूळ म्हणून शेती केली त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. द्राक्षाचे वेल, तुतीची झाडे, रेशमाचे किडे, चार गुरे आणि एका छपराखाली तीसएक माणसे. रोजचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला घाटा. घरात सर्वांत वडीलधारे होते झाव्हेरियो आजोबा, म्हणजे आजोबांचे भाऊ. त्यांनी लग्न केले नव्हते. आंजेलोचे धर्मपिता तेच, आणि संध्याकाळची जपमाळ सांगणारेही तेच.

लहानपणचा एक प्रसंग आंजेलो कधी विसरला नाही. पोन्ते सान पिएत्रो या गावी धार्मिक मिरवणूक होती. गर्दीत छोट्याला काही दिसेना, तेव्हा वडिलांनी त्याला उचलून खांद्यावर घेतले. या गोष्टीकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

अकराव्या वर्षी आंजेलो बेर्गामोच्या छोट्या गुरुविद्यालयात दाखल झाला. चौदाव्या वर्षी, म्हणजे १८९५ साली, त्याने एक वही सुरू केली. ही वही त्याने मरेपर्यंत चालू ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर १९६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणूस आतून कसा वाढतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने ती अवश्य वाचावी. पण सुरुवातीची पाने वाचताना थोडा धीर धरावा लागतो. त्या पानांत नियमच नियम आहेत. रोज काय करायचे, आठवड्याला काय, महिन्याला काय, वर्षाला काय. मग त्या नियमांचा हिशेब. प्रार्थनेत लक्ष लागले नाही, सुट्टीत घरी गेल्यावर बडबड फार झाली, मनात अभिमान आला. मुलगा प्रामाणिक होता, पण स्वतःवर सतत नाराज होता. ध्येय एकच होते, संत व्हायचे. आणि संत व्हायचे म्हणजे संत अलॉयशियस गोन्झागा यांच्यासारखे हुबेहूब व्हायचे, अशी त्याची समजूत होती.

१९०१ साली त्याला पुढील शिक्षणासाठी रोमला पाठवण्यात आले. मध्ये वर्षभर सक्तीची लष्करी सेवाही झाली. १९०३ च्या जानेवारीत, एकविसाव्या वर्षी, त्याने वहीत जे लिहिले ते मला फार महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा : आजपर्यंत मी एकेका संताचे चित्र समोर ठेवून त्याची रेघ न रेघ उतरवायला बघत होतो आणि दर वेळी फसत होतो, कारण पद्धतच चुकीची होती. संतांकडून त्यांच्या सद्गुणांचा गाभा घ्यायचा, बाहेरचा साचा नाही. मी अलॉयशियस नाही. माझा स्वभाव, माझी प्रकृती, माझी परिस्थिती वेगळी आहे, तेव्हा माझा मार्गही माझाच असणार.

एकविसाव्या वर्षी हे उमगणे सोपे नाही. आपल्यापैकी कितीतरी जण साठीनंतरही शेजाऱ्याच्या मुलाशी आपल्या मुलाची आणि शेजाऱ्याच्या घराशी आपल्या घराची तुलना करीत बसतो. अर्थात वहीत लिहिले म्हणजे ते लगेच अंगी बाणले असे नाही. पुढची चाळीस वर्षे त्याला तोच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

१० ऑगस्ट १९०४ रोजी रोममध्ये आंजेलो रोन्काल्ली यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी बेर्गामोचे नवे महागुरू राडिनी तेदेस्की यांचे सचिव म्हणून ते रुजू झाले. हे महागुरू मोठ्या मनाचे होते. १९०९ साली रानिका येथील गिरणी कामगारांनी संप केला तेव्हा ते उघडपणे कामगारांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्याबद्दल त्यांनी टीकाही सोसली. तरुण फादर रोन्काल्ली हे सर्व जवळून पाहत होते.

याच काळात त्यांना एक वेगळेच वेड लागले. १९०६ साली ते महागुरूंबरोबर मिलानला गेले असता तेथील धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात त्यांना ३९ जुने खंड दिसले. त्यांत संत चार्ल्स बोरोमिओ यांनी १५७५ साली बेर्गामो धर्मप्रांताला दिलेल्या भेटीचे कागद होते. कोणत्या चर्चचे छप्पर गळते, कोणता धर्मगुरू कसा वागतो, कुठे धर्मशिक्षण चालते, असा सगळा बारीक तपशील. हे कागद नीट संपादित करून छापायचे असे त्यांनी ठरवले. मिलानच्या अम्ब्रोसियन ग्रंथालयातील विद्वान धर्मगुरू आखिल्ले रात्ती यांनी त्यांना मदत केली. हे रात्ती म्हणजे पुढचे पोप अकरावे पायस. या कामाचा पहिला खंड १९३६ साली निघाला आणि पाचवा, शेवटचा, १९५७ साली. म्हणजे पंचविशीत हाती घेतलेले काम पंचाहत्तरीत पूर्ण झाले. मध्ये दोन महायुद्धे झाली, पाच देश झाले, तरी ते गाठोडे त्यांच्याबरोबर फिरत राहिले. त्यासाठी कोणी त्यांची पाठ थोपटत नव्हते. नेमणुका वरून येत होत्या आणि जात होत्या, पण हे काम त्यांनी स्वतः निवडलेले होते. माझ्या मते त्यांच्या स्थिर मनामागे या धुळकट कागदांचाही वाटा आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महागुरू राडिनी वारले. रोन्काल्ली बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांच्या डोक्यावरचे छत्रच गेले. लगेच युद्ध आले. त्यांनी बेर्गामोच्या लष्करी इस्पितळांत आधी सार्जंट म्हणून आणि मग सैनिकांचे धर्मगुरू म्हणून काम केले. त्या दिवसांत त्यांनी चक्क मिशाही ठेवल्या होत्या. १९२१ साली त्यांना मिशनकार्याला मदत गोळा करण्यासाठी रोमला बोलावण्यात आले. आणि मग १९२५ साली अकरावे पायस, म्हणजे ते जुने ग्रंथालयवाले स्नेही, यांनी त्यांना बिशप करून बल्गेरियाला पाठवले.

बिशपपद म्हटले की आपल्याला मोठा मान वाटतो. पण बल्गेरिया म्हणजे त्या वेळी व्हॅटिकनच्या दृष्टीने कोपऱ्यातला देश होता. लोक बहुसंख्य ऑर्थोडॉक्स, कॅथलिक मूठभर, तेही विखुरलेले आणि गरीब. काही महिन्यांचे काम असेल असे वाटले होते, ते दहा वर्षे लांबले. त्यांनी बल्गेरियन भाषा शिकायला घेतली, बैलगाडीने, घोड्यावरून दूरदूरची खेडी गाठली. १९२८ साली चिर्पान भागात मोठा भूकंप झाला तेव्हा ते मोडक्या घरांतून फिरले, मदत मिळवली, भुकेल्यांसाठी अन्नछत्र उभे केले. तिथे कॅथलिक कोण आणि ऑर्थोडॉक्स कोण हे विचारले गेले नाही.

मात्र मन दुखावणाऱ्या गोष्टी वेगळ्याच दिशेने येत होत्या. सोफियात गुरुविद्यालय उभारण्याची त्यांची योजना तडीस गेली नाही. रोमला पाठवलेल्या पत्रांची दखल घेतली जात नव्हती. १९३० साली बल्गेरियाचे राजे बोरिस यांचा इटलीच्या राजकन्येशी कॅथलिक विवाह झाला, आणि दिलेला शब्द बाजूला सारून सोफियात पुन्हा ऑर्थोडॉक्स विधी झाला. त्याचा मनस्ताप आणि ठपका या साध्या माणसाच्या वाट्याला आला. वहीत त्यांनी १९२६ सालीच स्पष्ट नोंदवले आहे की आपल्याला होणारा त्रास बल्गेरियन लोकांकडून नाही, आपल्याच मध्यवर्ती कार्यालयांकडून होतो आहे, आणि ही वेदना अनपेक्षित आणि खोल आहे.

हे वाचताना मला बरे वाटले. संतांनाही आपल्याच माणसांचे वागणे लागते तर! आपल्या घरांत, संस्थांत, अगदी चर्चच्या समित्यांतही असे होते. वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि मग तो रुसतो, नाही तर कडवट होतो. रोन्काल्लींनी दुखणे नाकारले नाही. ते वहीत उतरवले, प्रार्थनेत देवापुढे मांडले आणि सकाळी उठून पुन्हा कामाला लागले. बिशप होताना त्यांनी आज्ञाधारकता आणि शांती हे दोन शब्द ब्रीद म्हणून घेतले होते. बढती आपण होऊन मागायची नाही आणि दिलेले काम टाळायचे नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. पुढच्या नेमणुकीचे विचार येत नव्हते असे नाही. ते येत, आणि दर वेळी त्यांना दाराबाहेर काढावे लागे.

१९३० च्या नोव्हेंबरात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आईवडिलांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी कळवले, की घर सोडल्यापासून मी पुष्कळ पुस्तके वाचली, तुम्ही शिकवू शकला नसता अशा पुष्कळ गोष्टी शिकलो, पण तुमच्याकडून घरी जे थोडे शिकलो तेच आजही सर्वांत मोलाचे वाटते. त्या अर्धशिक्षित शेतकरी जोडप्याला हे पत्र वाचताना काय वाटले असेल! आईवडील हयात असताना हे त्यांना सांगितले गेले हे किती चांगले झाले. कारण वडील १९३५ साली गेले आणि आई १९३९ साली, आणि दोन्ही वेळा ते दूर इस्तंबूलला होते. त्यांना घरी जाता आले नाही.

१९३४ च्या नाताळात बल्गेरियाचा निरोप घेताना ते लोकांना म्हणाले की मी जगात कुठेही असलो आणि तुमच्यापैकी कोणी रात्री माझ्या घरावरून गेला तर त्याला खिडकीत दिवा दिसेल; त्याने दार ठोठवावे, तू कॅथलिक की ऑर्थोडॉक्स असे मी विचारणार नाही. दहा वर्षांच्या उपेक्षेनंतर माणसाच्या तोंडून असे शब्द निघतात तेव्हा आत काहीतरी पिकलेले असते.

नंतरची दहा वर्षे त्यांनी तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये काढली. तुर्की सरकारने १९३५ साली धार्मिक पोशाखावर बंदी घातली तेव्हा इतर अनेकांनी कुरकुर केली. यांनी झगा उतरवून साधा कोट-पॅंट आणि हॅट चढवली. उपासनेत काही भाग तुर्की भाषेत म्हणायला त्यांनी सुरुवात केली. मग दुसरे महायुद्ध आले. ग्रीसमध्ये १९४१-४२ च्या हिवाळ्यात भयंकर उपासमार झाली, तेव्हा अन्न पोहोचावे म्हणून त्यांनी खटपट केली. नाझींच्या तावडीतून निसटलेल्या ज्यू लोकांचे जीव वाचवण्यासाठी त्यांनी कागदपत्रे पुढे पाठवली, ओळखी वापरल्या, राजांना आणि राजदूतांना पत्रे लिहिली. आपल्याला अडगळीत टाकलेले आहे असे धरून ते बसले असते तर हे काम कोण करणार होते?

१९४४ च्या डिसेंबरमध्ये तार आली : पॅरिसला पोपचे राजदूत म्हणून नेमणूक. त्यांना आधी वाटले की तार चुकून आपल्याकडे आली असावी. त्रेसष्टावे वर्ष पूर्ण झाले होते. आपल्याकडे त्या वयात माणूस निवृत्त होऊन चार-पाच वर्षे झालेली असतात.

फ्रान्समध्ये परिस्थिती नाजूक होती. युद्धकाळात जर्मनधार्जिण्या राजवटीशी जुळवून घेतल्याचा आरोप असलेल्या तीसएक बिशपांना काढा, असा नव्या सरकारचा आग्रह होता. रोन्काल्लींनी आवाज न चढवता, कागद मागत, वेळ घेत, जेवणावळीत गोड बोलत तो प्रश्न असा हाताळला की शेवटी अगदी मोजक्या बिशपांनाच पद सोडावे लागले. शार्त्र शहराजवळ जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत गुरुविद्यार्थ्यांसाठी काटेरी तारांच्या आत गुरुविद्यालय चालत होते, तिथेही ते भेटायला जात. कालपर्यंतच्या शत्रूंची ती मुले होती.

पण मला सांगायचे आहे ते १९४५ च्या पवित्र आठवड्याबद्दल. पॅरिसच्या धामधुमीतून वेळ काढून ते सोलेम येथील मठात तपसाधनेला गेले. तिथे त्यांनी वहीत आपल्या वयाबद्दल लिहिले आहे. मी म्हातारपणाकडे चाललो आहे हे आता स्वतःपासून लपवण्यात अर्थ नाही, अशी सुरुवात. मन मात्र हे कबूल करीत नाही, ते बंड करून उठते, कारण आतून अजून तरुण आणि तरतरीत वाटते. मग ते आरशात बघतात आणि भ्रम फिटतो. हिज्कीया राजाला मरण जवळ आल्याचे कळले तेव्हा तो रडला होता, ती बायबलमधली गोष्ट त्यांना आठवते. पण त्यांना रडू येत नाही. आयुष्य पुन्हा पहिल्यापासून जगायला मिळावे असेही वाटत नाही. झाले गेले ते प्रभूच्या दयेवर सोपवायचे. हा पिकण्याचा हंगाम आहे, तेव्हा उरलेल्या थोड्या वेळात काम अधिक आणि अधिक चांगले करायचे, असे ते ठरवतात.

त्या नियमांनी भरलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या वहीशी हे पान ताडून पाहावे. माणूस तोच आहे, पण यादी आखूड झाली आहे. स्वतःला धारेवर धरणे कमी झाले आहे. आणि गंमत म्हणजे, बडबड फार होते ही तक्रार मात्र अजूनही आहे! काही गोष्टी माणसाच्या जन्मभर सुटत नाहीत.

१९५३ च्या जानेवारीत बारावे पायस यांनी त्यांना कार्डिनल केले. इथे आपल्याला जवळची एक गोष्ट सांगतो. १२ जानेवारी १९५३ च्या त्याच यादीत मुंबईचे महागुरू व्हॅलेरियन ग्रेशस यांचेही नाव होते. ते भारताचे पहिले कार्डिनल. १९५८ साली नवीन पोप निवडायला ते रोमला गेले होते आणि त्या बंद दालनात त्यांचे मतही होते.

कार्डिनल रोन्काल्ली व्हेनिसचे महागुरू झाले तेव्हा त्यांचे वय ७१ होते. आयुष्यभर कचेऱ्यांत काम करून शेवटी एकदा स्वतःचा कळप मिळाला म्हणून ते हरखून गेले. आता मरण इथेच, असे त्यांनी धरले होते. १९५४ साली मृत्युपत्रही लिहून ठेवले. बिनलग्नाच्या दोन बहिणी, अन्चिल्ला आणि मारिया, यांनी पूर्वी बेर्गामोत त्यांचे घर सांभाळले होते. सोत्तो इल मोन्तेमध्ये कामाइतिनो नावाचे एक जुने घर १९२५ पासून भाड्याने घेतलेले होते. दर उन्हाळ्यात ते तिथे सुट्टीला जात. निवृत्तीनंतर तिघांनी तिथे राहायचे असा साधा बेत होता. पण व्हेनिसला आल्यावर थोड्याच वर्षांत दोघी बहिणी एकामागून एक देवाघरी गेल्या. म्हातारपणी ज्यांच्यासोबत राहायचे त्यांनाच आधी पोहोचवावे लागले. हे दुःख आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. व्हेनिसच्या लोकांना मात्र त्यांचे महागुरू कालव्यातल्या सार्वजनिक बोटीत सर्वांच्या शेजारी बसून गप्पा मारताना दिसत. १९५८ च्या ऑगस्टमध्ये ते नेहमीप्रमाणे कामाइतिनोत राहून आले.

९ ऑक्टोबरला बारावे पायस निवर्तले. २८ ऑक्टोबर १९५८ रोजी, अकराव्या मतदानात, रोन्काल्ली पोप म्हणून निवडले गेले. सत्त्याहत्तरावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता. हे वय झालेले गृहस्थ चार-दोन वर्षे गाडा ओढतील, तोवर दुसरा तयार होईल, असा अनेकांचा हिशेब होता. त्यांच्यासाठी शिवून ठेवलेला पांढरा झगा त्यांच्या स्थूल अंगाला होईना. नाव त्यांनी जॉन घेतले. वडिलांचे नाव ते, आणि ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेही संत जॉनचे. ४ नोव्हेंबरला, आपल्या लाडक्या संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या सणादिवशी, त्यांनी राज्याभिषेकाचा विधी ठेवला. खुर्चीत बसवून खांद्यांवरून नेले जात असताना त्यांना सत्तर वर्षांपूर्वीचे वडिलांचे खांदे आठवले, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले.

पुढचे सर्वांना माहीत आहे म्हणून भरभर सांगतो. पहिल्याच नाताळात ते आजारी मुलांच्या इस्पितळात गेले आणि दुसऱ्या दिवशी रोमच्या तुरुंगात. तुम्हाला माझ्याकडे येता येत नाही म्हणून मीच आलो, असे त्यांनी कैद्यांना सांगितले आणि आपल्या एका नातेवाइकाला चोरून शिकार केल्याबद्दल पकडले होते, ही घरातली गोष्टही मोकळेपणाने सांगून टाकली. निवडीला तीन महिनेही झाले नव्हते तोच, २५ जानेवारी १९५९ रोजी, त्यांनी जगभरच्या बिशपांची परिषद बोलावत असल्याचे जाहीर केले. समोर बसलेले कार्डिनल गप्प झाले. तात्पुरता पोप म्हणून निवडलेल्या म्हाताऱ्याने शतकातले सर्वांत मोठे काम काढले होते. ते पुरे करणे आपल्या हयातीत होईल का, याची त्यांना खात्री नव्हती, आणि तरीही त्यांनी ते सुरू केले. याला कोणी धाडस म्हणेल, पण मला ते १९०६ सालचे मिलानचे कागद आठवतात.

१९६१ च्या डिसेंबरमध्ये, ऐंशीव्या वर्षी, त्यांनी घरच्यांना लिहिले की पोपचे नातेवाईक म्हणून मोठेपणा मिरवू नका, आहात तसेच साधे राहा. रोन्काल्ली मंडळी शेतीच करीत राहिली.

१९६२ च्या सप्टेंबरात तपासणीत पोटाचा कर्करोग निघाला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑक्टोबरला, सुमारे अडीच हजार बिशपांच्या उपस्थितीत दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. त्या रात्री चौकात मशाली घेऊन जमलेल्या लोकांसमोर ते खिडकीत आले. भाषण तयार नव्हते. त्यांनी वर आलेल्या चंद्राबद्दल बोलायला सुरुवात केली आणि शेवटी सांगितले, की घरी गेल्यावर मुलांना कुरवाळा आणि हा पोपचा स्पर्श आहे असे सांगा. दोनच आठवड्यांत क्यूबावरून अमेरिका आणि रशिया युद्धाच्या टोकाला आले, तेव्हा त्यांनी रेडिओवरून दोघांना वाटाघाटींचे आवाहन केले. ११ एप्रिल १९६३ रोजी जागतिक शांततेविषयीचे त्यांचे विश्वपत्र निघाले. ते केवळ कॅथलिकांना उद्देशून नव्हते, सर्व सद्भावी माणसांना उद्देशून होते.

मेअखेरीस ते अंथरुणाला खिळले. तीन भाऊ आणि बहीण असुंता गावाहून आले. सचिव फादर कापोविल्ला यांनी आता वेळ आली आहे हे त्यांना स्पष्ट सांगितले. लहानपणी आजोबांनी सांगितलेल्या प्रार्थना त्यांच्या ओठांवर होत्या. ३ जून १९६३ रोजी, पवित्र आत्म्याच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी खाली चौकात त्यांच्यासाठी चाललेली मिस्सा संपत असताना त्यांनी प्राण सोडला. परिषदेचे एकच सत्र त्यांना पाहायला मिळाले होते. बाकीची तीन सहाव्या पॉल यांनी पूर्ण केली, आणि त्यातूनच आपल्या वेदीवर मराठी आली. २७ एप्रिल २०१४ रोजी त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले.

पोप झाल्यावर त्यांना आपल्या गावी पुन्हा कधी जाता आले नाही. कामाइतिनोचे घर तसेच राहिले. पुढे फादर कापोविल्ला तिथे राहायला गेले आणि त्यांच्या आठवणी जपत शंभर वर्षे जगले. २०१८ च्या मे महिन्यात संत पोप जॉन यांचा देह रोमहून बेर्गामोला आणि तिथून सोत्तो इल मोन्तेला काही दिवसांसाठी नेण्यात आला. हजारो लोक रांगेत उभे होते. साठ वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये सुट्टी संपवून गेलेला माणूस घरी आला होता.

येत्या पहिल्या शुक्रवारी त्या काकांकडे जाईन तेव्हा हा अंक बरोबर नेणार आहे. त्यांच्या घरी माळ्यावर जुन्या चर्चच्या जमाखर्चाच्या आणि भजनांच्या वह्या आहेत, असे त्यांच्या सूनबाई मागे बोलता बोलता म्हणाल्या होत्या. त्या खाली काढून बघायच्या का, असे त्यांना विचारीन म्हणतो.